वेताळाला मुलांच्या पडद्यावर परत येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांनी पडद्यावर काय पाहावे आणि काय पाहू नये, याविषयी वृत्तपत्रांतून सतत लिहिले जाते. त्यातल्या बहुतेक लिखाणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की मुलाला भीती वाटेल, कोडे पडेल किंवा रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवेल असे काहीही त्याच्यासमोर येता कामा नये. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझे स्वतःचे बालपण गिरगावातल्या एका चाळीत, दूरदर्शनखेरीज दुसरे काही दिसत नसे अशा काळात गेले. या दोन्ही अनुभवांतून मला हे गृहीतक मान्य करता येत नाही. ते का, हे सांगण्यासाठी आणि त्याच ओघात दूरदर्शनकडे एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, तरी आपण त्याला जागा द्यावी अशी विनंती आहे.

१९८५ साली रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. विक्रमादित्याच्या भूमिकेत अरुण गोविल होते आणि बेतालाच्या, म्हणजे आपल्या वेताळाच्या, भूमिकेत सज्जन हे जुने, मुरलेले अभिनेते. पुढे जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले आणि अरुण गोविल सगळ्या देशाला राम म्हणून ठाऊक झाले. पण माझ्या वयाच्या मुलांनी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते मध्यरात्री स्मशानातून पाठीवर प्रेत घेऊन चालणारा राजा म्हणून. पांढरेशुभ्र मोकळे केस, पांढरी वस्त्रे, सुरकुतलेला चेहरा आणि मानेशी टेकलेले ते तोंड राजाच्या कानात गोष्ट सांगत आहे, हे चित्र आजही माझ्या पिढीतल्या कोणाही माणसाला विचारले तर तो डोळे मिटून वर्णन करील. रविवारी दुपार कलली की ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या खोलीत आम्ही मजल्यावरची सारी पोरे दाटीवाटीने बसायचो. आमच्यामागे मोठी माणसे असायची. काहीजणी बोटांच्या फटीतून पाहायच्या, काहीजणी बेताल हसू लागला की शेजारणीचा हात धरायच्या. पण ‘हे तुमच्यासाठी नाही, बाहेर जा’ असे कोणी आम्हांला म्हटल्याचे मला आठवत नाही. मालिका मुलांसाठीच होती आणि मुलांना थोडे भ्यायला झाले तर त्यात काही बिघडते असे कोणाला वाटत नव्हते.

आज ते भाग पाहिले तर त्यातल्या चमत्कारदृश्यांचे तंत्र अगदी प्राथमिक वाटते. बेताल झाडाकडे उडत जातो तेव्हा एक चित्र दुसऱ्यावर चिकटवल्याचे स्पष्ट दिसते, आणि झाड, कवट्या, धूर हे सारे स्टुडिओतले असल्याचे लपत नाही. तरीही मालिकेची धास्ती वाटायची. ती भुताच्या रूपाची फारशी नव्हती. कारण बेताल दिसला तरी आठवड्याभरात त्याच्या चेहऱ्याची सवय होऊन जाई. धास्ती होती ती त्या अटीची. राजाने वाटेत तोंड उघडले तर बेताल निसटून पुन्हा झाडावर जाऊन लटकणार. आणि गोष्टीच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलले तर केलेले सगळे श्रम वाया जाणार आणि न बोलावे तर जीव जाणार. सात-आठ वर्षांच्या मुलाला या पेचाचे नाव सांगता येत नाही, पण तो पेच त्याला पुरता समजतो, कारण घरात आणि शाळेत तो त्याच्या वाट्याला रोजच येत असतो. वर्गात कोणी काय केले हे ठाऊक आहे, सांगितले तर मैत्रीण दुरावते आणि न सांगितले तर दुसऱ्या निरपराध मुलाला शिक्षा होते, अशा प्रसंगी मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. विक्रमाने प्रत्येक वेळी खरे उत्तर दिले आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा त्या झाडाकडे चालत गेला. त्याच्या या चालत जाण्याचा आमच्यावर जेवढा ठसा उमटला, तेवढा कोणत्याही बोधवचनाचा उमटला नसेल.

शिवाय ते प्रश्न सोपे नव्हते. मंदारवतीची गोष्ट घ्या. तिला मागणी घालणारे तीन तरुण असतात आणि ती तापाने अकाली मरते. एकजण तिच्या चितेच्या जागी झोपडी बांधून तिच्या राखेवर निजतो. दुसरा तिच्या अस्थी गंगेत पोहोचवतो. तिसरा बैरागी होऊन भटकत असता एका घरी उतरतो. तिथली गृहिणी रडून हैराण करणाऱ्या आपल्याच मुलाला चुलीतल्या आगीत फेकते आणि पाहुणा भयाने उठून उभा राहतो, तेव्हा यजमान पोथीतला मंत्र म्हणून त्या राखेतून मुलाला पुन्हा उठवतो. तो तरुण ती पोथी चोरून आणतो आणि मंदारवती जिवंत होते. मग वेताळ विचारतो की ही बायको कोणाची. राजाचे उत्तर असे की ज्याने जीव दिला तो बाप झाला, ज्याने अस्थी नेल्या त्याने मुलाचे कर्तव्य केले, आणि जो राखेला बिलगून राहिला तोच तिचा नवरा. ही गोष्ट मी प्रथम ऐकली ती आजीकडून, आणि बेतालाच्या मालिकेमुळे ती आजीकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली. आगीत टाकलेल्या त्या तान्ह्या मुलाने मला कित्येक रात्री छळले हे खरे आहे. पण त्याच गोष्टीने नात्याविषयी, ऋणाविषयी आणि प्रेमाविषयी विचार करायला लावले हेही तितकेच खरे आहे. चाळीच्या गॅलरीत उभ्या राहून आम्ही मुली वाद घालायचो की मंत्र शिकून येणाऱ्याचे कष्ट राजाने का मोजले नाहीत. आमच्यातल्या एकीचे ठाम मत होते की मंदारवतीलाच विचारायला हवे होते. तिचे म्हणणे मला आजही पटते.

आणि शेवटची मेख तर विलक्षणच आहे. ज्याच्या शब्दाखातर राजा प्रेत आणायला निघाला तो योगी बाहेरून सात्त्विक, नम्र, रोज दरबारात येऊन फळ अर्पण करणारा. आणि त्या फळांच्या पोटात रत्ने दडवलेली. पाठीवर बसलेला वेताळ मात्र ओंगळ, हसणारा, छळणारा. अखेरीस कळते ते असे की योगी राजाचा बळी देऊ पाहत आहे आणि वेताळच त्याला सावध करून वाचवतो. जो शोभून दिसतो तो घातकी असू शकतो आणि ज्याची भीती वाटते तो हितकर्ता असू शकतो, ही जाण मुलांना किती लवकर यायला हवी, हे आजच्या पालकांना मी वेगळे सांगण्याची गरज नाही. अनोळखी माणसापासून सावध राहा, असे आपण मुलांना तक्त्यांवर लिहून शिकवतो. पण ओळखीच्या, गोड बोलणाऱ्या, भेटवस्तू आणणाऱ्या माणसापासूनही सावध राहावे लागते, हे शिकवताना आपली जीभ अडखळते. त्या फळांच्या गोष्टीने ते काम न अडखळता केले होते.

ही कथा परकी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात या पंचवीस कथा आहेत. त्यातला राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानाचा, म्हणजे आपल्या पैठणचा राजा आहे. तो ज्या झाडाखाली वेताळाला उतरवायला जातो ते झाड शिंशपेचे म्हणजे शिसवीचे आहे. पुढे लोकपरंपरेत राजाच्या जागी विक्रमादित्य आला आणि कथा उज्जैनीची झाली, पण तिचे एक मूळ गोदावरीच्या काठी आहे. मराठीत छपाई रुजत होती त्या आरंभीच्या काळात, १८३० साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळ पंचविशी’ प्रसिद्ध झाली. इसापनीती आणि ‘बाळमित्र’ ज्यांनी मराठी मुलांच्या हाती दिले, त्याच छत्र्यांनी वेताळही मराठीत आणला. मराठी गद्याच्या त्या पहिल्या पिढीला कोल्ह्याची द्राक्षे आणि स्मशानातले प्रेत या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून मिळाव्यात यात काही वावगे वाटले नाही.

आमचे मूळ गाव वेंगुर्ले तालुक्यात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो की आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, जाणे ठरलेले असे. तिथे नवस फेडणारे लोक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठ्या मोठ्या चपला देवापुढे ठेवतात. वेतोबा रात्री गावाच्या सीमेवर फिरतो आणि फिरून फिरून त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. मुंबईत रविवारी ज्याला पाहून मी आईच्या पदराआड जात असे, तो इथे गावाचा राखणदार होऊन उभा होता आणि माझी आजी त्याच्यापुढे हात जोडून, घरच्या माणसाशी बोलावे तसे त्याच्याशी बोलत होती. गोव्यात आमोण्याला, पैंगिणीला वेताळाची देवस्थाने आहेत. पुण्यात तर शहरातल्या सर्वांत उंच टेकडीला त्याचेच नाव आहे आणि रोज सकाळी शेकडो लोक तिच्यावर फिरायला जातात. भीती वाटणाऱ्या शक्तीला गावकुसावर जागा द्यायची, तिची देखभाल करायची आणि तिच्याकडून राखण करून घ्यायची, ही आपली जुनी रीत आहे. मुलांच्या मनाच्या बाबतीत आपण ती अलीकडे विसरलो आहोत, असे मला वाटते.

दूरदर्शनवर अस्वस्थ करणारे असे आणखीही बरेच काही होते, आणि ते सगळेच कोणी मुद्दाम भीती घालण्यासाठी केलेले नव्हते. दूरदर्शनचे बोधचिन्हच पाहा. दोन वक्र आकार अंधारातून गोल फिरत फिरत येत आणि मधल्या गोळ्याभोवती जुळून त्यांचा डोळा होई. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांनी ते चिन्ह रेखाटले होते, आणि पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्यासह बांधलेली सनईची धून त्यावर वाजत असे. कार्यक्रम सुरू होण्याआधी, रिकाम्या खोलीत, तो डोळा आपल्याकडे पाहू लागला की पोटात कालवाकालव होई, असे माझ्या वयाच्या कित्येकांनी मला सांगितले आहे. मला स्वतःला ती धून आजही एकटीने ऐकवत नाही. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांचेही तसेच. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी १९१६ साली घडवलेला अर्धवटराव मुलांना हसवण्यासाठीच पडद्यावर येई आणि आम्ही हसतही असू. पण डोळे गरकन फिरवून तो आपल्या मालकालाच उलट उत्तर देई, तेव्हा हा लाकडी माणूस रात्री पेटीत ठेवल्यावर काय करीत असेल, हा विचार हसता हसता मनात येऊन जाई. १९९३ साली ‘झपाटलेला’ चित्रपटात रामदास पाध्ये यांनीच घडवलेला तात्या विंचू हा खुनशी बाहुला आला आणि महाराष्ट्रातल्या मुलांच्या मनात आधीपासून असलेल्या त्या शंकेला पुरता देह मिळाला. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी जपानहून आलेली मोगलीची कार्टून मालिका लागे. तिचे शीर्षकगीत सगळ्यांना पाठ होते, पण नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान बोलू लागला की माझा धाकटा भाऊ खुर्चीमागे जाऊन उभा राही आणि तिथून मात्र एकही शब्द चुकवत नसे.

हे सारे मी केवळ गेलेल्या दिवसांच्या ओढीने लिहीत नाही. त्या काळी मुलांच्या नावाखाली निकृष्ट गोष्टीही दाखवल्या जात आणि त्या विसरल्या गेल्या हे चांगलेच झाले. पण भीतीच्या बाबतीत त्या काळाची दोन वैशिष्ट्ये होती, त्यांचा विचार व्हायला हवा. पहिले असे की आम्ही ती भीती एकत्र बसून घेत होतो. खोलीत वडील, शेजारच्या काकू, चाळीतले अण्णा हे सगळे असत. भाग संपला की कोणीतरी दिवा लावी, कोणीतरी चहा ठेवी आणि पुढच्या आठवड्यात काय होईल यावर बोलणे सुरू होई. दुसरे असे की भीतीला मध्ये एक आठवडा मिळत असे. आजच्यासारखा लगेच पुढचा भाग लावण्याची सोय नव्हती. त्या सात दिवसांत मूल ते दृश्य मनात घोळवी, खेळात आणी, कोणी पाठीवर कोणाला घेऊन बेताल बेताल खेळे आणि रविवार येईपर्यंत ती भीती त्याच्या हातात खेळण्यासारखी झालेली असे.

विरोधी मताचा मला अनादर नाही. ‘शक्तिमान’ ही मालिका १९९७ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नायकाचे अनुकरण करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. त्यांच्या खरेपणावर पुढे वादही झाला. मात्र असे साहस करू नका, हे तो नायक साकारणारे मुकेश खन्ना मुलांना मालिकेतूनच सांगत असत. अनुकरणाचा धोका खरा आहे आणि त्याबाबत निर्मात्यांनी सावध राहिलेच पाहिजे. परंतु उंचावरून उडी मारण्याचा मोह होणे आणि त्याच मालिकेतल्या खलनायकाचा, तमराज किलविषचा, ‘अंधेरा कायम रहे’ हा घोष ऐकून अंगावर काटा येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आवर घालताना आपण दुसरीलाही हद्दपार करून टाकले. काही मुले स्वभावतःच अधिक हळवी असतात, काहींनी घरात प्रत्यक्ष भय सोसलेले असते. त्यांना कोणती गोष्ट केव्हा द्यायची हे त्यांच्या जवळच्या मोठ्या माणसाने ठरवले पाहिजे, याविषयीही दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की सगळ्याच मुलांच्या वतीने सगळीच भीती नाकारण्याचा अधिकार कोणाला नाही.

कारण मुलांच्या वाट्याला भीती येतेच. आपण दिली नाही तर ती दुसरीकडून येते. २०१७ साली यूट्यूबवर मुलांच्या लाडक्या कार्टून पात्रांची रूपे उचलून केलेल्या विकृत व्हिडिओंचा प्रश्न जगभर गाजला. रंगीबेरंगी चित्रे, बडबडगीतांचे सूर आणि त्याखाली इंजेक्शने, मारहाण, रक्त असा तो सगळा प्रकार होता. कंपनीला असे व्हिडिओ मोठ्या प्रमाणावर काढून टाकावे लागले. ते व्हिडिओ ‘विक्रम और बेताल’पेक्षा किती वेगळे होते, ते पाहा. त्यांना कथा नव्हती, शेवट नव्हता, त्यांतल्या वेदनेला कारण नव्हते आणि त्यांच्यामागे नाव घेऊन उत्तर मागता येईल असा कोणी निर्माताही सहसा नव्हता. मूल ते एकट्याने, हातातल्या मोबाइलवर, कानाला यंत्र लावून पाहत होते आणि एक संपला की दुसरा आपोआप सुरू होत होता. त्यात भ्यालेल्या मुलाकडे घरच्यांना सांगण्यासाठी शब्दही नसत, कारण सांगण्याजोगी गोष्टच त्यात नव्हती. बेतालाची भीती वाटली तर आम्हांला ‘बेतालाची भीती वाटते’ असे म्हणता येत होते आणि आजीला त्यावर काय बोलायचे ते ठाऊक होते.

मी चौथीच्या वर्गात वेताळाच्या निवडक गोष्टी सांगते. फळातल्या रत्नांची गोष्ट प्रथम सांगते, मग स्मशान, मग झाड. ज्या दिवशी गोष्ट असते त्या दिवशी वर्गात सहसा कोणी गैरहजर नसते. एकदा एका पालकांनी येऊन तक्रार केली की मुलगा रात्री दिवा लावून झोपतो. मी त्यांना म्हटले की तुम्ही त्याला ती गोष्ट तुम्हांला सांगायला लावा. काही दिवसांनी ते स्वतःच आले ते पुढच्या प्रश्नाचे उत्तर विचारायला, कारण मुलाने त्यांना ते सांगितले नव्हते. ‘बोललात तर वेताळ जाईल’ असे त्याचे म्हणणे होते. शेवटच्या प्रश्नापर्यंत मी मुलांना नेत नाही, तो मोठेपणी वाचायचा आहे. पण असा एक प्रश्न आहे की ज्याचे उत्तर राजालाही सुचत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्यानेच वेताळ प्रसन्न होतो, एवढे मात्र मी त्यांना आवर्जून सांगते. प्रत्येक प्रश्नाला तत्काळ उत्तर देण्याची सवय लावलेल्या या मुलांना ते फार नवलाचे वाटते.

आता मागणीविषयी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, एप्रिलमध्ये ‘शक्तिमान’ आला आणि जुन्या कार्यक्रमांसाठी डीडी रेट्रो ही स्वतंत्र वाहिनीही सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचे ओटीटी माध्यम आणले. म्हणजे जुने कार्यक्रम लोकांपर्यंत पोहोचवण्याची इच्छा आणि साधने दोन्ही आता आहेत. पण पुन्हा दाखवण्यासाठी निवड होते ती बहुधा पौराणिक महामालिकांची आणि गाजलेल्या कौटुंबिक मालिकांची. मुलांचे कार्यक्रम, त्यातही प्रादेशिक केंद्रांनी केलेले, मागे पडतात. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि वरळीच्या त्या इमारतीतून ‘किलबिल’सारखे मुलांचे कार्यक्रम वर्षानुवर्षे प्रसारित झाले. त्यांत बाहुल्या होत्या, मुखवटे होते, मुलांनी केलेली नाटुकली होती, चेटकिणी आणि राक्षसही होते. त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग असत आणि एकदा वापरलेल्या फितीवर पुन्हा नवे ध्वनिमुद्रण करण्याची रीत जगभरच्या केंद्रांत होती. काय उरले आहे आणि काय पुसले गेले आहे, हे सामान्य प्रेक्षकाला कळायला आज मार्ग नाही.

याच पैठणच्या परिसरातली एक आख्यायिका येथे आठवते. सोमदेवाने ज्या ग्रंथावरून आपला ‘कथासरित्सागर’ रचला, ती गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत होती. सातवाहन राजाने ती तुच्छ मानून परत पाठवली, तेव्हा गुणाढ्याने अरण्यात अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकले. राजाला पश्चात्ताप होऊन तो धावत येईपर्यंत सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष जळून गेले होते. पिशाचांच्या भाषेतल्या, मुलाबाळांच्या आणि बायाबापड्यांच्या गोष्टींना कमी लेखण्याची आपली खोड इतकी जुनी आहे. मूळ ‘बृहत्कथा’ आज कोठेही उपलब्ध नाही. दूरदर्शनच्या फितींबाबत तसे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून दूरदर्शनच्या मुंबई केंद्राने आणि प्रसार भारतीच्या अभिलेखागाराने मुलांच्या मराठी कार्यक्रमांपैकी जे जे शिल्लक आहे त्याची सूची प्रथम जाहीर करावी. मग ते कार्यक्रम कापाकापी न करता, जसे होते तसे, उपलब्ध करून द्यावेत. त्यांतला एखादा मुखवटा किंवा एखादा कर्कश आवाज आजच्या रुचीला खटकेल म्हणून तो गाळू नये. हवी तर आरंभी पालकांसाठी एक सूचना द्यावी. सह्याद्री वाहिनीने ‘वेताळ पंचविशी’वर मराठीत नवी मालिका करण्याचाही विचार करावा. गोदाकाठचा राजा, शिसवीचे झाड आणि आमच्या कोकणातला वेतोबा हे सगळे ज्या भाषेत नांदते, त्या भाषेतल्या मुलांना ही कथा पडद्यावर पाहायची तर आजही बहुधा हिंदी मालिकांकडेच जावे लागते. अशी मालिका करणाऱ्यांना एकच विनंती आहे की वेताळाला गोंडस करू नका, त्याला विदूषक करू नका आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी बोध सांगायला कोणाला उभे करू नका. राजा उत्तर देतो, वेताळ निघून जातो आणि मूल त्या उत्तरावर विचार करीत बसते, एवढे पुरेसे आहे.

आपल्या वाचकांपैकी काहींनी मुंबई केंद्रावरच्या मुलांच्या कार्यक्रमांत लहानपणी भाग घेतला असेल, काहींनी तिथे नेपथ्य, रंगभूषा किंवा बाहुल्यांचे काम केले असेल. काहींच्या माळ्यावर घरी ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटही पडून असतील. त्या कॅसेट दमट हवेत बुरशी लागून खराब होतात, त्यामुळे फार काळ थांबणे परवडणारे नाही. अशा वाचकांनी कार्यक्रमाचे नाव, अंदाजे वर्ष आणि आठवत असतील ते प्रसंग लिहून आपल्याकडे पाठवावेत आणि आपण ती माहिती या सदरातून क्रमाने प्रसिद्ध करावी. केंद्राकडे सूची मागताना आम्हां प्रेक्षकांच्या हाती निदान एवढा तरी आधार असेल.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका,
मुंबई